इंजिनात ऑइलचा गाळ साचलाय? फ्लशिंग करण्याआधी हे वाचा

गाडी फारशी चालतच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं? सोसायटीत उभ्या असलेल्या, फक्त स्टेशन किंवा बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीबद्दल हा प्रश्न हमखास विचारला जातो. पण गाळ अशाही गाड्यांमध्ये साचतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरेसं तापत नाही. त्यामुळे ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. त्यात काजळी मिसळते, ऑइलमधली घाण धरून ठेवणारी रसायनं संपत जातात आणि डांबरासारखा चिकट थर जमतो. म्हणूनच बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये '१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. यातलं '१ वर्ष' आपण सोयीस्करपणे विसरतो.

गाळ आहे का, हे आधी बघा. इंजिन थंड असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. नुसतं काळं ऑइल म्हणजे गाळ नव्हे. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही लगेच काळं होतं. आतल्या भागांवर जाड थर दिसला, बोटाला गुठळ्या लागल्या, तर गाळ आहे. दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेस म्हणजे पाणी. झाकणाखाली तो थोडासा असेल तर छोट्या फेऱ्यांचा परिणाम असू शकतो. पण डिपस्टिकवरही तेच दिसलं आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

गाळ म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला उपाय सुचवला जातो तो फ्लशिंगचा. जुन्या ऑइलमध्ये फ्लशचं रसायन ओतायचं, गाडी न चालवता इंजिन १०-१५ मिनिटं सुरू ठेवायचं, मग सगळं काढून ऑइल आणि फिल्टर बदलायचा. थर पातळ असेल तर हे चालतं. जाड असेल तर मात्र गाळाचे तुकडे सुटतात आणि चेंबरमध्ये उतरून ऑइल पंपाच्या जाळीवर अडकतात. जाळी बुजली की पंपाला ऑइल मिळत नाही, बेअरिंग कोरडे पडतात आणि इंजिन जाम होऊ शकतं. सफाईच्या आधी धडधाकट चालणारी गाडी सफाईनंतर बंद पडते ती अशी.

थर जाड असेल तर चेंबर आणि टॅपेट कव्हर उघडून गाळ हातानेच काढावा लागतो. जाळी धुवायची, पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासायचा, गॅस्केट नवे टाकायचे. मजुरी जास्त लागते, पण नवीन इंजिनपेक्षा कमीच.

मध्यम गाळासाठी सगळ्यात सुरक्षित मार्ग कंटाळवाणा आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका, साधारण १,००० किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बदला, गरज वाटली तर आणखी एकदा. नव्या ऑइलमधली डिटर्जंट थर हळूहळू सोडवतात.

डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन 'धुण्याचा' जुना जुगाड मात्र टाळा. त्याने ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरचा ऑइलचा पापुद्रा टिकत नाही.

सफाईनंतरचे काही दिवस डॅशबोर्डवरच्या लाल ऑइल दिव्याकडे लक्ष ठेवा. गाडी चालू असताना तो लागला, तर 'गॅरेज जवळच आहे' म्हणून पुढे जाऊ नका. बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा आणि टोइंग बोलवा.