ध्वनिमुद्रणाची प्राथमिक ओळख : इम्पिडन्स व केबलची जोडणी

उत्सवातील आरत्या, भजने व कीर्तने मुद्रित करून ठेवावीत, अशी अनेक भाविकांची इच्छा असते. गोव्यातील घुमट-आरतीसारख्या परंपरेत चाल आणि ठेका मुख्यतः ऐकूनच पुढच्या पिढीकडे जातात. त्या जाणणारी वडीलधारी मंडळी गात आहेत तोवरच हे मुद्रण शक्य आहे. म्हणून नवशिक्यांसाठी जोडणीची मूलतत्त्वे आम्ही येथे देत आहोत. महागडा माईकही चुकीच्या जोडणीने निरुपयोगी ठरतो.

इम्पिडन्स म्हणजे काय?

इम्पिडन्स, अर्थात संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा. त्याचे एकक ओहम. माईककडून येणारा संकेत अत्यंत क्षीण असल्याने तो वाया न जाता पुढे पोहोचणे महत्त्वाचे. यासाठी देणाऱ्या उपकरणाचा संरोध कमी आणि घेणाऱ्याचा त्याच्या पाच ते दहा पट असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. २०० ओहमचा माईक २००० ओहमच्या इनपुटला जोडल्यास सुमारे ९१ टक्के व्होल्टेज पुढे मिळते. २०० ओहमच्या इनपुटला जोडल्यास निम्मेच.

काही जुन्या माईकचा संरोध १० हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. त्यांना लांब केबल जोडली, तर उंच स्वर मंदावतात. शब्दांतील स, श अस्पष्ट होतात आणि कासाळ्यांचा झंकार बोथट ऐकू येतो. याउलट, व्हायोलिनला चिकटवलेल्या पिझो पिकअपला सुमारे १० लाख ओहमचे ‘हाय-झेड’ इनपुट लागते. साध्या माईक इनपुटला तो जोडल्यास खर्जाचा भाग हरवतो.

केबल व प्लग

• एक्सएलआर : तीन पिनांचा. पिन १ आवरण (शील्ड), पिन २ धन, पिन ३ ऋण.
• टीआरएस : ६.३५ मि.मी. जाडीचा. टोक धन, मधले कडे ऋण, दांडा आवरण.
• टीएस : टोक व दांडा एवढेच, असंतुलित.

प्लगवरील काळी वलये मोजावीत. एक वलय असल्यास टीएस, दोन असल्यास टीआरएस. माईकच्या बाजूस एक्सएलआर आणि मिक्सरच्या बाजूस टीएस अशी केबल बाजारात सर्रास मिळते. ती संतुलित राहत नाही.

संतुलित केबलमधील दोन तारांतून एकच संकेत परस्परविरुद्ध रूपात जातो. विद्युत रोषणाईच्या माळा व पंखे यांचा उपद्रव दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो. इनपुट दोहोंतील फरक तेवढा घेते, म्हणून उपद्रव गळून पडतो आणि आवाज राहतो. सभामंडपातील लांब अंतरासाठी हीच केबल वापरावी.

जोडणी करताना

१. ॲम्प्लिफायरच्या स्पीकर आउटपुटला रेकॉर्डर कदापि जोडू नये. यंत्र जळू शकते. मिक्सरचे ‘रेकॉर्ड आउट’ किंवा ‘लाइन आउट’ घ्यावे आणि ते रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला जोडावे, माईक इनपुटला नव्हे.
२. मिक्सरमध्ये त्यास जोडलेल्या माईकचाच आवाज असतो. घुमट व शामेळ यांना माईक नसल्यास मंडपात एक स्वतंत्र माईक ठेवावा.
३. ५० हर्ट्झची घरघर आल्यास मिक्सर व रेकॉर्डर एकाच विद्युत बोर्डावर घ्यावेत. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. त्यात जिवाला धोका आहे.
४. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. सर्व जोडण्या झाल्यावर, आवाज पूर्ण कमी करून तो सुरू करावा.
५. सर्व वाद्यांसह चाचणी घ्यावी. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. शून्यावर आपटून फाटलेला आवाज मूळ रूपात परत येत नाही.

मुद्रण २४ बिट वेव्ह स्वरूपात करावे, दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि प्रत्येकीसोबत तारीख, आरतीचे नाव व गाणाऱ्यांची नावे नोंदवावीत. नावाविना राहिलेले मुद्रण पुढील पिढीस ओळखता येणार नाही. तरुण भाविकांनी उत्सवापूर्वीच ही जोडणी करून पाहावी व हे कार्य आपले मानून हाती घ्यावे, ही नम्र विनंती.