साखळीआधी टिपण : प्रस्तावना

करूळ आणि भुईबावडा या घाटांच्या पायथ्याशी असलेल्या वैभववाडी तालुक्यात सपाट जमीन फारशी नाही. व्हाळाच्या काठाला भाताचे कुणगे, वर काजूची कलमे, त्याहून वर वरकस आणि मध्ये गडगे. सातबारावर मात्र एकाच हिश्श्यापुढे पणजोबांपासूनच्या वारसांची नावे असतात आणि त्यांतले कितीतरी जण मुंबईला असतात. अशा मुलखात भूकरमापकाचा परवाना काढावा का, हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. पुढे 1835 च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची नवी घडी बसवली. 33 फुटांची, 16 आण्यांची साखळी मुंबई इलाख्यात रुळली. त्या साखळीचा चौरस म्हणजे 1089 चौरस फूट, अर्थात आपण रोज बोलतो तो गुंठा.

आता हाती ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) आणि उपग्रहांवर चालणारा रोव्हर आहेत. दाट झाडीखाली उपग्रहांचा संकेत अडतो, तिथे ईटीएसचाच आधार घ्यावा लागतो. पण यंत्र बिंदू दाखवते. तो बिंदू हद्दीचा आहे का, हे टिपण, फाळणी आणि आकारफोड या मोजणीच्या जुन्या कागदांतूनच ठरते. या व्यवसायाचे खरे शिक्षण मला इथेच दिसते. म्हणून वाचकांनी यंत्राआधी जुने कागद वाचायला शिकावे.

भूमी अभिलेख खात्यातल्या भूकरमापकाच्या भरतीसाठी स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअर अभ्यासक्रम लागतो. परवानाधारक भूकरमापकांची व्यवस्थाही राज्यात आकाराला येत आहे. शेजारच्या कर्नाटकात ती आधीपासून आहे. शिक्षण मिळवता येते. दोन सख्खे भाऊ बांधावर समोरासमोर उभे असताना दोघांचेही शांतपणे ऐकून घेणे आणि तरीही नकाशात असेल तीच रेघ दाखवणे, याला मात्र वेगळी तयारी लागते. ती आपल्यात आहे का, हे आधी तपासा.

त्यासाठी भात कापून झाल्यावर घरच्या जमिनीच्या टिपणाची नक्कल काढा आणि गडग्याच्या कडेने चालत जा. टिपणातला दगड जागेवर आहे का, ते पाहा. नसेल तर शेजारच्या सापडलेल्या दगडांवरून तो कुठे असायला हवा, हे साखळीने काढून बघा. या शोधात दिवस कधी मावळला ते कळले नाही, तर परवान्याचा अर्ज जरूर भरा.