वरचे दूध

शिवथर म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला घळ आठवते, धबधबा आठवतो आणि दासबोध आठवतो. समर्थ रामदासांनी दासबोधाचे लेखन येथे केले अशी परंपरा आहे, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही घळ अभ्यासकांच्या नजरेस आणल्यापासून वाङ्मयाच्या वारकऱ्यांची पावले इकडे वळत आली आहेत. आम्हीही काही अध्यापक त्याच ओढीने एका पावसाळ्यात या खोऱ्यात मुक्कामाला होतो. बरोबर दासबोधाच्या दोन प्रती आणि बरीच टिपणे होती. प्रत्यक्षात आम्ही परतलो ते मात्र एका मांजरीच्या पिल्लाचा विचार घेऊन.

ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथे पडवीत लाकडांच्या रचाईमागे मांजर व्याली होती. पिल्ले पाच. चार आईला लुचत होती. पाचवे बाजूला पडलेले, अंगाने गार, आवाज चिरका. आईचे दूध पाचांना पुरत नाही हे उघड दिसत होते. आमच्यापैकी एकाला फार कळवळा आला. त्याने वाटीत गाईचे दूध कोमट केले, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे तळहातावर उताणे घेतले आणि औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब दूध तोंडात सोडू लागला. पिल्लू ठसकले. घरातल्या आजी चुलीपुढून ओरडल्या, "मास्तर, माणसाचं पोर नाय ते. उताणं नका धरू." पण तोवर व्हायचे ते झाले होते. पिल्लू पहाटे गेले. आजी आम्हांला काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त भातात दूध आणि सुकटीचा चुरा कालवून मांजरीपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आधी हिच्या पोटात घालायचं, मग ते पिलांच्या तोंडात येतं."

त्या एका वाक्यात आमच्या कळवळ्याची परीक्षा झाली आणि तीत आम्ही नापास झालो. वाङ्मयाच्या माणसांनी नापास झाल्यावर जे करायचे तेच आम्ही केले. हे ज्ञान मराठी वाङ्मयात कोठे आहे, याचा शोध घेऊ लागलो.

प्रथम भाषेकडेच पाहू. आईचे ते 'अंगावरचे दूध', आणि ते पुरले नाही म्हणजे बाळाला द्यावे लागते ते 'वरचे दूध'. हा 'वरचे' शब्द मोठा नेमका आहे. आईच्या दुधाची जागा घेणारे असे त्यातून सूचित होत नाही. आईचे आहेच, त्याच्यावर आणखी थोडे, एवढेच सूचित होते. हे दूध पाजण्याचे जुने साधन म्हणजे कापडाचा वा कापसाचा बोळा. पण बोळ्याने पाजण्याची ही घरगुती कला वाक्प्रचारात आली ती थट्टेचा विषय होऊन. "मी काही बोळ्याने दूध पीत नाही" असे आपण ठसक्यात म्हणतो, तेव्हा ज्या हातांनी रात्ररात्र बोळा धरून कोणाचे तरी मूल जगवले त्यांची आठवण आपल्या मनात नसते. मांजराच्या वाट्याला तर भाषेने याहूनही कमी दिले आहे. ते डोळे मिटून दूध पिते, ते आडवे जाते, त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न पडतो. त्यातल्या त्यात मायेची म्हणावी अशी एकच समजूत घरोघर ऐकू येते, ती म्हणजे मांजर आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते.

तत्त्वज्ञानाने मात्र या पिल्लाला मोठे स्थान दिले. रामानुजांच्या परंपरेत पुढे जे दोन पंथ झाले, त्यांच्या मतभेदाची खूण म्हणून दोन न्याय सांगितले जातात. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडकलै पंथाचा मर्कटकिशोर न्याय: वानराचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तसा भक्तानेही काही यत्न करावा. मणवाळ मामुनींना मानणाऱ्या तेंकलै पंथाचा मार्जारकिशोर न्याय: मांजरीच्या पिल्लाला काहीच करावे लागत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तशी भगवंताची कृपा. दृष्टान्त सुंदर आहेत. पण पडवीतल्या त्या रात्रीनंतर आम्हांला एक गोष्ट जाणवली. दोन्ही दृष्टान्तांत आई धडधाकट आहे. तिला भरपूर दूध आहे, तिच्या पिल्लांपैकी कोणी कोपऱ्यात गारठून पडलेले नाही. आई आहे, तिची मायाही आहे, पण दूध अपुरे आहे, अशा प्रसंगी काय करावे याला न्यायशास्त्रात उत्तर नाही.

मराठीत या प्रसंगाच्या सर्वांत जवळ जाते ती रांका कुंभाराची कथा. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती आली आहे. रांका आणि त्याची पत्नी बांका. भट्टीसाठी ठेवलेल्या कच्च्या मडक्यात मांजर व्यालेली. कुंभाराला पत्ता नाही. त्याने मडकी रचली आणि आवा पेटवला. मांजर आक्रोश करीत जाळाभोवती फिरू लागली तेव्हा त्याला उमगले. आता विझवणे हाती नव्हते. त्याने देवाचा धावा केला, आवा उघडला तेव्हा त्या एका मडक्यातली पिल्ले जिवंत होती, आणि रांकाने आपला संसार लुटवून विरक्ती पत्करली. महिपतींना अर्थातच देवाचा महिमा सांगायचा आहे. पण या कथेत एक माणूस आहे, ज्याने जाणूनबुजून काही केले नाही, तरीही ज्याच्या हातून अनर्थ होऊ घातला आहे, आणि मांजरीचे रडणे ज्याला स्वतःवरचा आरोप वाटते आहे. मांजराच्या पिल्लांसाठी कासावीस झालेला इतका सजीव माणूस आम्हांला जुन्या मराठीत दुसरा ठाऊक नाही. मात्र कथेत पिल्ले वाचतात ती चमत्काराने. आव्यातून निघालेल्या पिल्लांना पुढे कोणी कसे पाजले, हे सांगण्याची गरज कथेला वाटत नाही.

माणसाच्या मुलाबाबत मात्र आपले पूर्वज असे गप्प राहिलेले नाहीत. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, कशी निवडावी आणि तिचे दूध कसे पारखावे याचे विवेचन आहे. वाग्भटाने तर स्त्रीचे दूध न मिळाल्यास शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे असे सांगितले आहे. प्राण्यांत हत्तींसाठी पालकाप्याचा ग्रंथ झाला, घोड्यांसाठी शालिहोत्राचा. जे प्राणी राज्याच्या कामाचे, त्यांचे वैद्यक लिहिले गेले. मांजर धान्याच्या कणगीची राखण करीत आले, पण कणगीचे शास्त्र बायकांच्या हाती होते आणि ते लिहिले गेले नाही.

इतिहासातले वरच्या दुधाचे सर्वांत ठळक उदाहरण शिवथरपासून फार दूर नाही. घळीजवळून वरंध घाट चढून भोरवरून पुढे गेले की सातारा रस्त्यावर कापूरहोळ लागते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळत गेली, बाळाला दूध पुरेना, आणि तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ दूधआई म्हणून आली. सईबाईंचे निधन राजगडावर ५ सप्टेंबर १६५९ रोजी झाले. म्हणजे मधली दोन-सव्वादोन वर्षे बाळाला दोन आया होत्या. धाराऊने पाजले म्हणून सईबाईंचे आईपण उणे झाले नाही, आणि सईबाई होत्या म्हणून धाराऊचे दूध परके ठरले नाही. धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे युवराजांचे दूधभाऊ. या नात्यासाठी मराठीकडे स्वतंत्र शब्द आहे, हीच त्या व्यवहाराला समाजाने दिलेली मान्यता होय.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख येतो. हिशेब केला तर ते साल १६५९ पडते. म्हणजे घाटाच्या वर एक आजारी आई आपले मूल दुसरीच्या पदराखाली ठेवून जगाचा निरोप घेत होती, त्याच सुमारास या ग्रंथाचे लेखन चालू होते. दोहोंत कार्यकारण जोडण्याचा आमचा हेतू नाही. तिसऱ्या दशकात समर्थांनी जन्मदुःखाचे आणि बाळपणाच्या परवशतेचे जे कठोर वर्णन केले आहे, ते मात्र त्या काळच्या घराघरांतून पाहिलेले होते, एवढे मनात ठेवून तो दशक पुन्हा वाचावा.

आता पिल्लाकडे परत येऊ. आमच्याकडून काय चुकले हे आम्ही नंतर जाणकारांकडून समजून घेतले. नवजात पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम भरते. डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. पहिल्या काही दिवसांत त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. म्हणून गारठलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची आणि मगच दूध, कारण थंड पोटात दूध पचत नाही. पाजताना पिल्लू पोटावर, आईला लुचताना असते तसेच हवे. उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या मानाने प्रथिने जवळजवळ निम्मीच असतात. टॉरिन हे द्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते हे १९७५ मध्ये सिद्ध झाले, आणि गाईच्या दुधात ते फारच थोडे असते. पिल्लांसाठी बनवलेली दूधभुकटी आज मिळते, ती याच कारणाने वापरायची. पहिल्या दिवसाचा चीक मात्र होईल तोवर आईचाच मिळावा, कारण रोगांशी झुंजण्याचे बळ त्यातून येते आणि ते आतड्यांतून शोषले जाण्याची मुदत साधारण एका दिवसाची असते. पाजून झाले की ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग पुसायचा; आई चाटते त्याची ती नक्कल आहे, आणि तिच्यावाचून तान्ह्या पिल्लाला मलमूत्रविसर्जन करता येत नाही.

आणि मुख्य गोष्ट: आई असताना पिल्लू तिच्यापासून तोडायचे नाही. रोज ठरावीक वेळी वजन करायचे. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ दिसली तर आपला हात मागे घ्यायचा. ज्याचे वजन वाढत नाही त्यालाच आधी आईच्या भरल्या सडाशी लावायचे, आणि तरीही उणे पडेल तेवढेच वरून द्यायचे. दुसरी तान्ही मांजर जवळ असली तर तीही बहुधा परके पिल्लू सामावून घेते. धाराऊ त्यांच्यातही असतात. पाजत्या मांजरीला एरवीच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक अन्न लागते. म्हणजे आजींचे वाक्य हाच या शास्त्राचा पहिला नियम होता.

आणखी एक गोष्ट कळली, तिने आमचा दृष्टान्तही दुरुस्त केला. जे रोझेनब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क येथे केलेल्या निरीक्षणांत असे दिसले की, डोळे उघडण्यापूर्वीच पिल्लू वासाच्या आणि स्पर्शाच्या आधाराने आईपर्यंत वाट काढते, आणि थोड्याच दिवसांत अनेक पिल्ले आपापला सड ठरवून घेतात. म्हणजे न्यायातले सर्वस्वी निश्चेष्ट पिल्लू प्रत्यक्षात नसतेच. मांजरीचे पिल्लूही आंधळेपणी यत्न करते. आईची कृपा आणि पिल्लाचा यत्न यांत जी तूट उरते, तेथे तिसऱ्या हाताचे काम असते.

त्या तिसऱ्या हाताला नुसता कळवळा पुरत नाही, हे आम्ही एका जिवाच्या मोलाने शिकलो. करुणाष्टके आणि दासबोध या दोन्ही एकाच पुरुषाच्या रचना आहेत, हे आपण वर्गात सांगतो. पण दोहोंचा संबंध काय, हे सांगताना आपण अडखळतो. एकीत आर्त हाक आहे, दुसऱ्यात विवेक, यत्न आणि प्रत्यय यांचा अखंड आग्रह आहे. हाक ऐकू येणे ही सुरुवात झाली. ती ऐकून उठलेल्या माणसाने पिल्लू कसे धरावे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. पिल्लाची हाक आमच्या कानी पडली होती. कसे धरावे ते फक्त चुलीपुढच्या आजींना माहीत होते, आणि आम्ही त्यांना विचारले नव्हते.

निघताना आम्ही पडवीत डोकावलो. मांजर तेथे नव्हती, पिल्लेही नव्हती. आजी म्हणाल्या, तुमची वर्दळ फार झाली, तिने दुसरे घर पाहिले. उरलेली चार कशी आहेत, असे आम्ही विचारले. "धा दिसांनी सांगेन," एवढेच त्या म्हणाल्या. पिल्लांचे डोळे उघडायला तेवढेच दिवस लागतात.