झाडीपट्टी रंगभूमी : व्यवसायज्ञानाची जडणघडण (साकोली परिसराच्या संदर्भात)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाचा व वनांचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. साकोली तालुका याच पट्ट्यात येतो. दिवाळीनंतर धान घरात आले की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो व होळीच्या सुमारास ओसरतो. या रंगभूमीच्या कलागुणांची चर्चा बरीच झाली आहे. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न वेगळा आहे : नाटक हा व्यवसाय म्हणून चालविण्याचे ज्ञान या प्रदेशाने कसे मिळविले आणि ते कोणाच्या हाती गेले?

दंडार व खडी गंमत ही या रंगभूमीची पूर्वपीठिका होय. साकोली हे कार्यक्षेत्र असलेल्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबरच या लोकनाट्यांचाही अभ्यास केला, हे येथे नमूद केले पाहिजे. दंडारीत गावचेच पुरुष स्त्रीभूमिका करीत. शिकणे म्हणजे पाहणे, ऐकणे आणि मंडईत उभे राहणे. पुढे रंगमंचीय नाटक आले तेव्हाही प्रारंभी गावचीच मुले तालमी करीत. नटी तेवढी बाहेरून बोलावली जाऊ लागली. पडदे, वेशभूषा, वाद्ये, नटीचे मानधन यांचा हिशेब गावालाच ठेवावा लागे. कला आणि व्यवहार हे दोन्ही एकाच तालमीत शिकले जात.

व्यावसायिक मंडळ्या उदयास आल्यावर हे चित्र बदलले. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे केंद्र बनले. हंगामात तेथे मंडळ्यांची कार्यालये उघडतात. साकोली-लाखांदूरकडील गावांना ते जवळचे. गावाचे मंडळ तेथे जाऊन नाटक, तारीख आणि रक्कम ठरविते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. नट एका हंगामात अनेक भूमिका करतो. तालमीला सवड थोडी, म्हणून प्रॉम्प्टर आणि ऑर्गनवादक यांच्यावर प्रयोगाचा मोठा भार असतो. हे कौशल्य कोणत्याही नाट्यशाळेच्या अभ्यासक्रमात सहसा आढळणार नाही.

येथे गाव निर्माता राहिला नाही, ग्राहक झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. ते अर्धसत्य आहे. ठरलेली रक्कम मंडळीस द्यायचीच असते. तिकीटविक्री कमी पडली तर तोटा गावाच्या मंडळाचा. म्हणून शेजारच्या गावी त्याच रात्री कोणते नाटक आहे, पाहुणे किती येतील, मुंबई-पुण्याचा चित्रपटनट आणण्याचा खर्च परवडेल काय, याचा अंदाज बांधावा लागतो. जोखमीचे हे ज्ञान गावातच आहे. गमावली ती तालीम. नाटक करण्याची वाट गावच्या मुलाला आता सहसा मंडळीतूनच सापडते.

या गणितात शंकरपटाचे स्थान मोठे आहे. दिवसा पट, रात्री नाटक, अशी ही सांगड होय. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रात त्या डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सशर्त सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या काळात पटाच्या पाहुण्यांवर विसंबलेल्या मंडळांना आपला हिशेब नव्याने मांडणे भाग होते. त्यातच 2020 च्या टाळेबंदीने पुढील हंगाम विस्कटला.

2022 मध्ये या रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला आणि 2023 मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. नटाचा गौरव झाला, तो उचितच. तथापि नाटक ठरविणारे, तिकिटे विकणारे, तोटा वाटून घेणारे कार्यकर्ते इतिहासलेखनात अद्याप उपेक्षित आहेत. त्यांच्याच घरची मुले आपल्या महाविद्यालयांत शिकतात. मराठी विभागाला संहिता हवी असते. करारपत्रे, हस्तपत्रके व मंडळाची जमाखर्चाची वही यांच्याकडे वाणिज्य आणि इतिहास विभागांनीही वळावयास हवे. वही लिहिणारी पिढी हयात आहे, तोवर तिच्यातील नोंदींचा अर्थ विचारता येईल.