युनिक्स-कुळातील संगणक प्रणालींवर माउसची जुळणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील थळ हे अलिबाग तालुक्यातील गाव खांदेरी किल्ल्यासमोरील किनाऱ्यावर वसलेले आहे. मासेमारी, भातशेती आणि नारळी-पोफळीच्या वाड्या ही त्याची जुनी ओळख. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत प्रकल्पामुळे १९८०च्या दशकात आधुनिक उद्योगाशी त्याचा संबंध आला. अशा गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याची लिनक्स प्रणालीशी पहिली ओळख बहुधा सामायिक प्रयोगशाळेत होते. मुंबई विद्यापीठाच्या संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान अभ्यासक्रमांत या प्रणालीला स्थान आहे. हा विद्यार्थी डावखुरा असेल तर माउस हाती घेताक्षणी एक प्रश्न उभा राहतो : बटणांचा क्रम बदलण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि त्याचे उत्तर गेल्या चार दशकांत वेळोवेळी बदलत आले आहे. प्रस्तुत लेखात या बदलांचा कालानुक्रमे आढावा घेऊन त्यातून अध्यापकांसमोर उभ्या राहणाऱ्या प्रश्नाची चर्चा केली आहे.

माउसविना युनिक्स

माउसचा पहिला नमुना १९६४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट व बिल इंग्लिश यांनी तयार केला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. मात्र या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. युनिक्स हे टंकयंत्रासारख्या टर्मिनलसाठी घडले. आज्ञा टंकावी, उत्तर वाचावे, एवढाच त्याचा व्यवहार होता.

भारतातही युनिक्सचा प्रथम परिचय याच रूपात झाला. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्यानंतर बँकांच्या शाखांत जे संगणक बसले, त्यांपैकी अनेक युनिक्सवर चालत. परंतु कर्मचाऱ्यासमोर केवळ अक्षरे दाखवणारा पडदा व कळफलक असे. या पिढीच्या दृष्टीने युनिक्स आणि माउस ही दोन वेगळी जगे होती.

एक्स विंडो प्रणाली : वापरकर्त्याचा अधिकार

ही दोन जगे व्यापक प्रमाणावर जोडली गेली ती एक्स विंडो प्रणालीमुळे. १९८४ मध्ये एमआयटी या संस्थेत बॉब शिफलर व जिम गेटिस यांनी तिचा आरंभ केला. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. या प्रणालीने तीन बटणांचा माउस गृहीत धरला होता. डाव्या बटणाने मजकूर निवडावा व मधल्या बटणाने तो दुसरीकडे उतरवावा, ही युनिक्स वापरणाऱ्यांची सवय त्यातूनच रुजली.

एक्सच्या मूळ संकेतांतच बटणांचा क्रम व दर्शकाची गती बदलण्याची सोय होती, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. एक्समॉडमॅप या आज्ञेला १-२-३ ऐवजी ३-२-१ असा क्रम दिला की माउस डावखुऱ्या हाताचा होई. एक्ससेट या आज्ञेने गती बदलता येई. या दोन्ही आज्ञांना प्रशासकाच्या परवानगीची गरज नव्हती. आपल्या खात्यातील आरंभ-फाईलमध्ये एक ओळ लिहिली की प्रत्येक वेळी हीच जुळणी लागू होई.

लिनक्सचा काळ : प्रशासकाची फाईल

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केले आणि एक्स प्रणाली स्वस्त वैयक्तिक संगणकांवर आली. येथे परिस्थिती पालटली. माउसचे प्रकार अनेक होते : क्रमिक जोडणीचे, पीएस-टू जोडणीचे, दोन बटणांचे, तीन बटणांचे. प्रत्येकाची संदेश पाठवण्याची पद्धत वेगळी होती. युनिक्समध्ये उपकरणही फाईलच्या रूपात दिसते. तेव्हा माउस कोणत्या फाईलमधून वाचावा व कोणत्या पद्धतीने समजून घ्यावा, हे एक्सफ्री८६च्या जुळणी-फाईलमध्ये हाताने लिहावे लागे. ही फाईल प्रशासकाच्या मालकीची होती. तीत चूक झाली तर दर्शक पडद्यावर भलतीकडे उड्या मारी किंवा चित्रमय पडदा सुरूच होत नसे.

दोन बटणांच्या माउसवर दोन्ही बटणे एकदम दाबल्यास मधले बटण समजावे, अशी तोड काढण्यात आली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसमुळे चाकाचा माउस सर्वपरिचित झाला. तेव्हा चाक वर फिरवणे म्हणजे चौथे बटण व खाली फिरवणे म्हणजे पाचवे, असे मानले गेले. अक्षरमय पडद्यासाठी लिनक्सवर जीपीएम, तर फ्रीबीएसडीवर माउसडी हे स्वतंत्र कार्यक्रम वापरात आले.

याच काळात लिनक्स शाळांतही पोहोचत होते. गोव्यात परदेशस्थ गोवेकरांच्या साहाय्याने शाळांना वापरलेले संगणक देण्याचा उपक्रम झाला व नव्या शतकाच्या आरंभी त्यात लिनक्सचा अवलंब करण्यात आला. जुन्या व निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर प्रत्येक माउसची वेगळी नोंद करणे, हे अशा ठिकाणी शिक्षकाच्या चिकाटीची परीक्षा पाहणारे काम होते. मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने इंडिक्स प्रकल्पाद्वारे एक्स प्रणालीत देवनागरीसाठी पाठबळ निर्माण केले, तेही याच सुमारास. पुढे मुक्त प्रणालींचे मराठी भाषांतरही झाले. पडदा मराठी बोलू लागला, परंतु माउसची जुळणी-फाईल इंग्रजीतच राहिली.

स्वयंचलित जुळणी

डिसेंबर २००३ मधील लिनक्स केर्नलच्या २.६ आवृत्तीपासून वेगवेगळ्या माउसचे संदेश एकाच सामायिक मार्गाने मिळू लागले. २००४ मध्ये परवान्याच्या वादातून एक्सफ्री८६ मागे पडून एक्स.ऑर्ग पुढे आले. २०१० पर्यंत माउस जोडताच तो आपोआप ओळखण्याची सोय स्थिर झाली. २०१५ मध्ये लिबइनपुट या संग्रहाची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या पद्धतीत बटणे व गती यांची जुळणी पडदा हाताळणारा कार्यक्रमच करतो. परिणामी एक्समॉडमॅपची आज्ञा तेथे उपयोगी पडत नाही. डावखुऱ्या वापराचा पर्याय सेटिंग्जच्या खिडकीत निवडावा लागतो.

सामायिक प्रयोगशाळेचा प्रश्न

या विकासक्रमात श्रम निःसंशय वाचले. परंतु दोन गोष्टी नजरेआड झाल्या. पहिली ज्ञानाची आहे. उपकरण, केर्नल, पडदा व वापरकर्ता हे थर पूर्वी माउस बिघडला की विद्यार्थ्याला दिसत. आता ते मुद्दाम दाखवावे लागतात. जुनी जुळणी-फाईल केवळ पाठांतरासाठी शिकवल्यास विद्यार्थी नसलेल्या अडचणीचे उत्तर शिकतो. इतिहास म्हणून शिकवल्यास मात्र तीच फाईल प्रणालीची रचना उलगडून दाखवते.

दुसरी गोष्ट अधिकाराची आहे. वापरकर्त्याची निवड त्याच्या खात्याशी बांधलेली असते. अनेक विद्यार्थी एकाच सामायिक खात्यावर काम करतात तेथे डावखुऱ्या विद्यार्थ्याने केलेला बदल पुढच्या विद्यार्थ्याला अडचणीचा होतो. मग तो बदलच न करण्याचा संकेत रूढ होतो आणि डावखुरा विद्यार्थी निमूटपणे उजव्या हाताने काम करू लागतो. १९८७ मध्ये प्रणालीने दिलेला अधिकार असा प्रयोगशाळेच्या व्यवस्थेत हरवतो.

निष्कर्ष

माउसच्या जुळणीचा अधिकार प्रथम वापरकर्त्याच्या आज्ञेत होता. पुढे तिचा मोठा भाग प्रशासकाच्या फाईलमध्ये गेला आणि आज उपकरणाची ओळख प्रणाली स्वतः करून निवड पुन्हा वापरकर्त्यापुढे ठेवते. ही निवड प्रत्यक्षात मिळण्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खाते देणे आणि पहिल्याच तासिकेत सेटिंग्जची खिडकी दाखवणे, एवढे पुरेसे आहे. थळहून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या डाव्या हाताला न्याय मिळणे न मिळणे हे आज प्रणालीपेक्षा प्रयोगशाळा चालवणाऱ्या अध्यापकांवर अधिक अवलंबून आहे.