वीस शिलिंगांची कमान : थॉमस जेफरसन आणि उंचीचे भय

१/
अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात सीडर क्रीक नावाचा एक लहानसा ओढा आहे. चुनखडीचा खडक झिजवत तो खोल उतरत गेला आणि माथ्यावर खडकाची एकच प्रचंड कमान शिल्लक राहिली. उंची सुमारे २१५ फूट. मोनाकन या मूळ रहिवाशांना ती पवित्र. वसाहतवाल्यांनी तिला साधे नाव दिले, नॅचरल ब्रिज. या कमानीच्या एका मालकाला तिच्या काठावरून मिनिटभर खाली पाहणेही सोसले नव्हते. त्याचे नाव थॉमस जेफरसन.

२/
१७६७ च्या ऑगस्टमध्ये जेफरसन येथे पहिल्यांदा आला. वय २४, पेशा वकिलीचा. सात वर्षांनी, ५ जुलै १७७४ रोजी, त्याने कमानीसह १५७ एकर जमीन विकत घेतली. विक्रेता होता इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आणि किंमत होती २० शिलिंग. त्याच राजाविरुद्धचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच ग्राहकाने दोन वर्षांनी लिहिला.

३/
अमेरिकन राज्यक्रांतीच्या अखेरच्या काळात त्याने 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' हा ग्रंथ लिहायला घेतला. १७८५ मध्ये पॅरिसला त्याच्या थोड्या प्रती खासगी रीतीने छापल्या गेल्या आणि १७८७ मध्ये लंडनची आवृत्ती निघाली. नद्या, खनिजे, प्राणी, कायदे यांची शिस्तशीर माहिती देणारा हा ग्रंथ नॅचरल ब्रिजपाशी येतो आणि त्याचा सूर बदलतो. आरंभी मोजमापे आहेत : दरीची खोली काहींच्या मापाने २७० फूट, काहींच्या मापाने २०५ फूट, मधोमध पुलाची रुंदी अंदाजे ६० फूट. त्यानंतर येते भय.

४/
जेफरसन सांगतो की, काठावर काही ठिकाणी खडकाचा नैसर्गिक कठडा आहे, तरीही तिथवर चालत जाऊन खाली पाहण्याचे धैर्य फार थोड्यांपाशी असते. माणूस नकळत हातापायांवर येतो, रांगत कठड्याशी जातो आणि डोकावतो. मिनिटभर पाहिल्यावर आपले डोके भयंकर दुखू लागले, हेही तो नोंदवतो. येथे सर्वनामांकडे लक्ष द्यावे. रांगणारा माणूस 'तुम्ही' आहे. डोके मात्र 'माझे' दुखते. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदावरून नुकत्याच उतरलेल्या गृहस्थाला रांगल्याची कबुली प्रथमपुरुषात देणे जड गेले असावे.

५/
वास्तविक रांगण्यात लाजण्यासारखे काही नव्हते. उभा माणूस कधीच पूर्ण स्थिर नसतो, तो किंचित झुलत असतो. जवळच्या वस्तूंच्या आधारे डोळे हे झुलणे टिपतात आणि शरीर स्वतःला सावरते. समोर केवळ दूरची दरी असेल तर डोळ्यांचा हा आधार तुटतो, झुलणे वाढते आणि भोवळ आल्यासारखे वाटते. हातपाय टेकले की तोल पुन्हा सापडतो. जेफरसनच्या शरीराने योग्य तोच निर्णय घेतला होता.

६/
मग अशा ठिकाणी माणसे मुद्दाम जात तरी का? याचे उत्तर त्या शतकाच्या अभिरुचीत आहे. एकेकाळी युरोपीय प्रवाशाला डोंगरकडे म्हणजे वाटेतली अडचण वाटत. १७५७ मध्ये एडमंड बर्कने भव्यतेवरील आपल्या ग्रंथात असे मांडले की, भव्यतेच्या अनुभवाचे मूळ भयात आहे. मात्र संकट अगदी अंगावर आलेले नसावे, थोडे अंतर हवे. या विचाराने कडा आणि धबधबे 'प्रेक्षणीय' ठरले. जेफरसनचे वर्णन याच साच्यातले आहे : वरून पाहणे असह्य, आणि खाली ओढ्याकाठी उभे राहून कमानीकडे पाहणे तितकेच परमानंदाचे.

७/
त्याच सुमारास युरोपात एक तरुण या भयाशी वेगळ्या रीतीने झुंजत होता. १७७० मध्ये स्ट्रासबुर्गला कायदा शिकायला आलेल्या गटेला उंचीवर भोवळ येई. तेथील कॅथेड्रलचा १४२ मीटर उंचीचा मनोरा तो एकटाच चढे, शिखराखाली काही काळ बसून धीर गोळा करी आणि मग बाहेरच्या, धरायला धड काही नसलेल्या चिंचोळ्या जागेवर उभा राही. भय बोथट होईपर्यंत त्याने हा क्रम चालू ठेवला. पुढे पर्वतांत आणि उंच इमारतींवर हा सराव उपयोगी पडल्याचे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. आजचे मानसोपचारही बरेचसे याच मार्गाने जातात.

८/
जेफरसनने असा कोणता सराव केल्याचे लिहिलेले नाही. मात्र त्याच्या वर्णनातली एक चूक त्याच्या भयाविषयी बरेच काही सांगून जाते. दरीच्या तळाशी उभे राहिल्यावर एका बाजूला नॉर्थ माउंटन आणि दुसऱ्या बाजूला ब्लू रिज असे मनोहर दृश्य दिसते, असे त्याने लिहिले होते. पुढे स्वतःच्या प्रतीत त्याने दुरुस्ती केली : डोंगर दिसतात ते पुलावरून, तळातून नव्हे, भेटीनंतर कित्येक वर्षांनी लिहिल्यामुळे स्मृतीने दगा दिला. स्मृतीचा हा दगा सहेतुक वाटतो. जे सुखद होते ते सारे मनाने खाली नेऊन ठेवले आणि माथ्यावर उरली ती निव्वळ डोकेदुखी.

९/
ती जमीन मात्र त्याने मरेपर्यंत सोडली नाही. १८१४ मध्ये शिशाचे छरे पाडण्याच्या कारखान्यासाठी जागा भाड्याने दिली गेली. वितळलेले शिसे उंचावरून सोडले की थेंब पडता पडता गोल होऊन थिजतात. ज्या खोलीने मालकाचे डोके दुखले, तीच येथे यंत्राचे काम करणार होती! परंतु युद्ध संपले आणि धंदा बसला. १८१५ मध्ये एका पत्रात जेफरसनने लिहिले की, हा पूल आपण काही अंशी लोकांची ठेव मानतो. त्याला इजा पोहोचू देणार नाही, तो विद्रूप होऊ देणार नाही. १८१७ मध्ये त्याने पॅट्रिक हेन्री नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयाकडे तेथील देखरेख सोपवली. (प्रसिद्ध वक्ता पॅट्रिक हेन्री तो वेगळा.) शेकडो माणसांना गुलामीत ठेवणाऱ्या जेफरसनच्या या आवडत्या जागेचा राखणदार स्वतंत्र कृष्णवर्णीय असावा, ही नोंद सहसा मागे पडते.

१०/
त्याच वर्षी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जेफरसन एलेन आणि कॉर्नेलिया या दोन नातींना घेऊन पुन्हा पुलावर आला. १८२६ मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत वारला आणि १८३३ मध्ये वारसांनी पूल विकला.

११/
२०१६ पासून हा परिसर व्हर्जिनियाचे राज्य उद्यान आहे. महामार्ग क्रमांक ११ थेट कमानीच्या माथ्यावरून जातो, पण दोन्ही कडांना कुंपण असल्यामुळे आपण दरी ओलांडली हे अनेक वाहनचालकांना कळतही नाही. ज्यांना कमान पाहायची असते, ते गाडी लावून पायऱ्या उतरतात आणि ओढ्याकाठच्या वाटेने तिच्याखाली जाऊन वर पाहतात.