एसयू कार्ब्युरेटर

एसयू कार्ब्युरेटर हा पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणारा, बदलत्या घशाचा ब्रिटिश बनावटीचा कार्ब्युरेटर आहे. एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ आणि जॅग्वार या कंपन्यांच्या विसाव्या शतकातील बहुतेक नामांकित स्पोर्ट्स कारमध्ये तो बसवलेला आढळतो. 'एसयू' ही अक्षरे 'स्किनर्स युनियन' या नावाची आद्याक्षरे आहेत. जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांच्या दृष्टीने हा कार्ब्युरेटर, त्याला पेट्रोल पुरवणारा विजेचा पंप आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या मिळून एकच प्रणाली होते. यातील एका भागाचा दोष पुष्कळदा दुसऱ्याच भागाच्या माथी मारला जातो.

इतिहास

जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि थॉमस कार्लाइल स्किनर हे बंधू इंग्लंडमधील 'लिली अँड स्किनर' या पादत्राणांच्या व्यवसायातील घराण्याचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी या कार्ब्युरेटरची मूळ कल्पना साकार केली. सुरुवातीच्या नमुन्यांत आजच्या धातूच्या दट्ट्याच्या जागी चामड्याचा भाता होता. जोडे बनवणाऱ्या घराला ते साहित्य अपरिचित नसावे. १९१० मध्ये कंपनीची रीतसर स्थापना झाली आणि १९२६ मध्ये मोटार उत्पादक विल्यम मॉरिस यांनी ती विकत घेतली. पुढे मॉरिस यांच्या उद्योगसमूहाबरोबर ती आधी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये आणि १९६८ नंतर ब्रिटिश लेलँडमध्ये समाविष्ट झाली.

दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉईसच्या मर्लिन या विमान इंजिनातही एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर होते. (हे कार्ब्युरेटर मोटारींच्या कार्ब्युरेटरपेक्षा वेगळ्या रचनेचे होते.) विमानाने एकाएकी खाली सूर मारला, की फ्लोटच्या टाकीतील पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे. ऐन लढाईत हा क्षण जिवावर बेतणारा होता. फार्नबरो येथील संशोधन संस्थेतील अभियंता बिॲट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या मार्गात बसवायची छोटी छिद्रयुक्त धातूची चकती तयार करून या दोषावर तात्पुरता पण परिणामकारक उपाय केला.

रचना आणि कार्य

साध्या कार्ब्युरेटरचा घसा ठरावीक मापाचा असतो. त्यामुळे इंजिनाच्या निरनिराळ्या वेगांसाठी त्यात निरनिराळी जेट बसवावी लागतात. एसयूमध्ये जेट एकच असते आणि घसाच लहानमोठा होतो. घशाच्या वर घुमटासारखी एक पोकळी असून तीत एक दट्ट्या वरखाली सरकतो. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की हवेचा प्रवाह वाढतो, घुमटातील हवेचा दाब कमी होतो आणि दट्ट्या वर उचलला जातो. दट्ट्याचे वजन आणि त्यावरील स्प्रिंग यांचा जोर दाबातील या फरकाशी जेथे तुल्यबळ होतो, तेथे दट्ट्या थांबतो. परिणामी जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग जवळजवळ कायम राहतो.

दट्ट्याच्या तळाशी एक निमुळती सुई असून ती जेटच्या छिद्रात उतरलेली असते. दट्ट्या वर गेला की सुईचा बारीक भाग छिद्रात येतो, भोवतीची मोकळी जागा वाढते आणि तेवढे अधिक पेट्रोल बाहेर पडते. म्हणजे कोणत्या वेगाला किती पेट्रोल द्यायचे, हे या सुईच्या निमुळतेपणावर ठरते. एमजीबीच्या जेटचे छिद्र इंचाच्या नव्वद हजारांश (०.०९० इंच) एवढेच असल्याने सुईच्या व्यासातील अगदी सूक्ष्म फरकही इंजिनाच्या चालीत जाणवतो. प्रत्येक सुईवर अक्षरांची वा आकड्यांची खूण कोरलेली असते. जुनी गाडी घेतल्यावर आधी ही खूण वाचणे श्रेयस्कर, कारण पूर्वीच्या मालकाने भलतीच सुई बसवली असल्यास पुढची सारी जुळवणी व्यर्थ जाते.

दट्ट्याच्या पोकळ दांड्यात थोडे तेल घातलेले असते. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यास हे तेल दट्ट्याला झटकन वर जाऊ देत नाही. त्यामुळे जेटवरील खेच वाढते आणि वेग घेण्यासाठी लागणारे जादा पेट्रोल मिळते. हे तेल संपलेले असले की गाडी वेग घेताना अडखळते. तेल घालणे हे दोन मिनिटांचे काम, पण त्याचाच सर्वांना विसर पडतो.

प्रकार आणि वापर

एच, एचडी, एचएस आणि एचआयएफ ही या कार्ब्युरेटरची प्रमुख कुळे होत. एचआयएफमध्ये फ्लोटची टाकी मुख्य अंगातच सामावलेली असते. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथे पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यांत आरंभी दीड इंची एचएस४ची जोडी आणि नंतर एचआयएफ४ची जोडी होती. सहा सिलिंडरांच्या जॅग्वार ई-टाइपला दोन इंची एचडी८ असे तीन कार्ब्युरेटर होते. अमेरिकेतील प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर तेथे पाठवल्या जाणाऱ्या गाड्यांना झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर बसवण्यात आले. त्यांचे तत्त्व हेच, मात्र घट्ट बसणाऱ्या दट्ट्याऐवजी रबरी पडदा वापरलेला. हा पडदा फाटला की दट्ट्या उचलला जात नाही आणि इंजिनाची शक्ती खालावते.

१९६७ मध्ये आलेल्या ट्रायम्फ टीआर५ने कार्ब्युरेटर वगळून लुकास कंपनीची यांत्रिक पेट्रोल-इंजेक्शन प्रणाली स्वीकारली. तिचा पंप तापून दाब कमी होण्याची तक्रार मात्र कायम राहिली.

पेट्रोल पंप

एसयूचा विजेचा पंप विद्युतचुंबकाने हलणाऱ्या पडद्यावर चालतो. गाडीची चावी फिरवताच तो टकटक आवाज करू लागतो आणि कार्ब्युरेटरच्या टाक्या भरल्या की थांबतो. गाडी उभी असताना टकटक थांबतच नसेल, तर टाकीतील पेट्रोल संपलेले असते, पंपाची झडप निकामी झालेली असते किंवा पेट्रोल कोठेतरी गळत असते. आवाज मुळीच आला नाही, तर बहुधा पंपातील विजेचे संपर्कबिंदू जळालेले असतात. अशा वेळी पंपावर हलकेच ठोकून गाडी घरापर्यंत नेण्याची युक्ती जुन्या चालकांत सर्वश्रुत होती. ती दुरुस्ती नव्हे.

सुरक्षितता आणि जतन

एमजीबीच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि धूर बाहेर नेणारी तप्त नळी एकाच बाजूस, एकावर एक असतात. फ्लोटला छिद्र पडून तो बुडाला किंवा टाकीच्या सुईझडपेत कचरा अडकला, तर पेट्रोल ओसंडते. ते तप्त नळीपासून दूर जावे म्हणून मधे उष्णतारोधक पत्रा आणि खाली जाणाऱ्या निचरा-नळ्या दिलेल्या असतात. इंजिन नीटनेटके दिसावे म्हणून या नळ्या काढून टाकणे म्हणजे आगीस निमंत्रण होय.

पेट्रोलमधील इथेनॉल हा अलीकडचा प्रश्न आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वसाधारण झाले. जुन्या रबरी नळ्या त्यामुळे मऊ पडतात किंवा त्यांना तडे जातात. त्यांचे कण सुटून जेटमध्ये व झडपेत अडकतात. म्हणून तेथील जुन्या गाड्यांचे मालक कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल वापरतात, किंवा नळ्या, बुचे आणि पंपाचे पडदे इथेनॉल सोसणाऱ्या द्रव्याचे बसवून घेतात. इंग्लंडमध्ये एसयूचे सुटे भाग आजही तयार होत असल्याने हे शक्य होते.

भारतातील संबंध

मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या हिंदुस्तान अँबॅसिडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ही एकाच 'बी-सीरिज' कुळातील आहेत. जुन्या अँबॅसिडरवरही एसयू कार्ब्युरेटर असे. त्यामुळे भारतातील जुन्या पिढीच्या मेकॅनिकांना दट्ट्या, सुई आणि तेलाची ही रचना परिचित होती. आता येथील पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागल्याने, जतन केलेल्या अशा गाड्यांच्या मूळच्या रबरी नळ्या आणि बुचे तपासून बदलणे आवश्यक झाले आहे.